राणीचा शब्द

"हिच्या पोटात बाळ हाय," बंटी ओरडला आणि नागटोळीची लढाई जागच्या जागी थांबली.

खरं तर मोनालीनं फ्रॉकच्या आत टॉवेल कोंबला होता तो चिलखत म्हणून. तो सरकत सरकत नेमका पोटावर आला, आणि बंटीला काहीतरी खुसपट काढायचंच होतं. मोनाली नऊ वर्षांची, टोळीतली सगळ्यात तिखट लढवय्यी. तिनं पोटाकडं पाहिलं, हातातली तुरकाटी, म्हणजे तिची तलवार, जमिनीला टेकवली आणि म्हणाली, "हाय तर हाय."

पिंपळवंडीच्या त्या मळ्यात केबल आल्यापासून पोरांना दुसरा उद्योग नव्हता. रविवारी टीव्हीवर राक्षस, जादूचे खडे, नागांचे राजवाडे बघायचे आणि जेवणं झाली की कांद्याच्या चाळीमागं तेच सगळं खेळायचं. चाळीच्या आत मोनालीची आजी साळुबाई कांदा निवडत बसली होती. मोठा एकीकडं, बारीक गोल्टी एकीकडं, सडका मागं. बांबूच्या फटींतून तिला पोरं दिसत होती. या कारट्यांना काय सुचेल याचा नेम नाही, म्हणून ती गालात हसत होती.

"तुझं लगीन कवा झालं?" सेनापतीनं विचारलं. सेनापती म्हणजे शेजारच्या ताजबीचा शाहरुख.

"न्हाई झालं."

"मग बाळ कुणाचं?"

"माझं. दुसऱ्या कुणाचं?"

साळुबाईचा हात कांद्यावरच थांबला.

बघता बघता टोळीत दोन तट पडले. तिघं म्हणाली, ठेवायची, तिच्यासारखी तुरकाटी दुसऱ्या कुणाला फिरवता येते? तिघं म्हणाली, काढायची. "बाकीच्या टोळ्या हसत्याल आपल्याला," बंटी म्हणाला. "आपल्यात सोयरीक करनार न्हाई कुनी." हे त्याला कुणी शिकवलं देव जाणे. अठरा वर्षांपूर्वी साळुबाईच्या ओट्यावर बसून भावकी हेच बोलली होती, याच शब्दांत, आणि बंटीचा तर बापही तेव्हा शाळेत जात होता.

"लढंन की मी," मोनाली म्हणाली. "पोटात बाळ असलं म्हून हात गळून पडत्यात का?"

तिघं इकडं, तिघं तिकडं. कुणी हटेना. मग शाहरुखलाच वाट सुचली. टोळीला राणी पाहिजे, राणी म्हणेल ते खरं. सगळी फौज चाळीच्या दाराशी आली.

"आजी, तू आमची राणी. हिला ठेवायची का काढायची, सांग. पन मी शंभर मोजायच्या आत. न्हाई बोलली तर काढायची."

"मला नका रं खेळात घेऊ," साळुबाई म्हणाली.

"एक, दोन, तीन..."

लेकीच्या, छबूच्या वेळीही असंच तिच्यापाशी येऊन थांबलं होतं. निम्मी भावकी म्हणत होती, पोरीला मामाकडं ठेवू, बाळंत होऊ दे, निभावून नेऊ. निम्मी म्हणत होती, आजच्या आज घराबाहेर. शेवटी चुलतसासरे गेणभाऊ म्हणाले, "सूनबाई, तू आई हायेस. तू म्हनशील तसं." छबू दाराआड उभी होती, सतरा वर्षांची. साळुबाईच्या पुढ्यात तांदळाचं सूप होतं. ती खडे वेचत राहिली. लाज वाटत होती, नवऱ्याची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर लेकीचा रागही आला होता. तिनं तोंडातून शब्द काढला नाही. सकाळी छबू विहिरीत सापडली. त्यानंतर घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. आपल्याला एक आत्या होती हे मोनालीच्या कानावरसुद्धा नव्हतं.

"चाळीस, पन्नास, साठ..." शाहरुख मधले आकडे गिळत होता.

मोनाली दारात उभी होती, टॉवेलवर दोन्ही हात ठेवून. ती आता हसत नव्हती. तिची हनुवटी छबूची होती. साळुबाईला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि तिनं ते कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. तिला बोलायचं होतं, देवाशपथ बोलायचं होतं. पण हात कांदा निवडत राहिले.

"नव्वद, शंभर. काढा हिला."

पोरांनी हुर्यो केली. मोनाली मुकाट वळली आणि चाळीच्या कोपऱ्याआड गेली.

तेव्हा कुठं साळुबाईला वाचा फुटली. निवडलेला कांदा पायांनी उधळत ती उठली. "ठेवा तिला. घरात घ्या. माझी हाय ती, कुनी भाईर काढायची न्हाई."

"घरात न्हाई आजी, टोळीत," शाहरुख म्हणाला. पण ती ऐकायला थांबली नव्हती.

कोपऱ्यापलीकडं उन्हात, मातीत मोनाली उताणी पडली होती. हात पसरलेले, डोळे मिटलेले, टॉवेल तसाच पोटावर. साळुबाई तिच्याजवळ मटकन बसली आणि खांदे धरून तिला हलवू लागली. "ऊठ. बोलले ना मी. ठिवलीय तुला. ऊठ माझे बाय."

"मी मेले आजी. शंभर झाले तवाच हिरीत उडी टाकली."

"हिरीचं कुनी सांगितलं तुला?"

"कुनी कशाला सांगाय पायजे? मंग कुठं जानार मी?"

मोनालीनं एक डोळा उघडला. म्हातारी रडत होती. पोरीला तिची दया आली. तिनं मातीचा हात आजीच्या गुडघ्यावर ठेवला.

"रडू नको. पुढच्या डावाला लवकर बोल."