दोघींचं माहेर

बाळाचे पांढरेशुभ्र केस पाहिले आणि सुलक्षणाबाईंनी दवाखान्यातच सुनेची बॅग भरायला घेतली.

"जा घेऊन माहेरी. आमच्या घरात असलं कधी झालं नाही."

सून वनिता त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. आताशा लोक पत्रिकेऐवजी जनुकं जुळवून बघत. पण "घरातल्याच पोरीचं काय बघायचं?" म्हणून सुलक्षणाबाईंनीच ते टाळलं होतं.

दवाखान्यातल्या भिंतीवरच्या काचेत साऱ्या गावाची जनुकं साठवलेली होती. सुलक्षणाबाईंनी बाळाची लाळ काचेला फासली. "दाखव, खोट कुणाची ते!"

काच बोलली, "यात खोट कुणाचीच नाही. रंग न बनवणारं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं, की बाळ असं होतं."

काचेवर दोन लाल रेषा वर चढल्या. एक वनिताच्या वडिलांवरून गेली, दुसरी सुलक्षणाबाईंवरून. दोन्ही सुलक्षणाबाईंच्या आईपाशी जाऊन मिळाल्या.

"बंद करा ते मेलं यंत्र!"

वनितानं बाळाच्या डोळ्यांवरचं ऊन पदरानं अडवलं.

"बॅगेत तुमच्याही साड्या भरा, आत्या. आपल्या दोघींचं माहेर एकच आहे."