घमेल्याचं भोक

खिडकीबाहेरचा तो कोपरा म्हणजे नुसता उकिरडा होता. फुटक्या फरश्या, गंजके डबे आणि वाळून काटकी झालेलं गुलाबाचं एक खोड. गवंड्याच्या बायकोनं सकाळपासून तिथं पदर खोचला होता. रंगाच्या रिकाम्या बादलीत सदाफुली लावली, गळक्या किटलीत पुदिना, जुन्या टायरात शेवंती.

आत खाटेवर नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. बांधकामावरच्या परांचीवरून पडल्यापासून तसाच. डॉक्टर म्हणाले होते, कंबर बरी होईल, उठेलही, पण त्यानं मनावर घ्यायला हवं. त्याचं ना धड जेवण, ना बोलणं. त्यानं निदान कूस बदलून बाहेर बघावं, एवढ्यासाठी हिचा सगळा आटापिटा.

"घरात माणूस वाळतोय अन् ही झाडांना पाणी घालतेय," उंबऱ्यात बसलेली सासू म्हणाली.

सुनेनं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं. बरोबर खिडकीसमोर, त्याच्या नजरेच्या टप्प्यात, एक जागा मोकळी राहिली होती. तिथं पसरट काहीतरी हवं होतं. मोरीमागे नवऱ्याचं लोखंडी घमेलं पालथं पडलं होतं, थापी त्याच्याखालीच. तिनं घमेलं ओढून आणलं, जाड खिळा घेतला आणि हातोडीनं बुडाला भोक पाडलं.

आत खाट करकरली. त्या लोखंडाचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. कित्येक दिवसांनी त्यानं मान वळवली होती, आणि ते बघून ती हरखून खिडकीशी धावली.

"अहो, बघा तरी, कसा दिसतोय कोपरा."

तो झाडांकडे बघतच नव्हता.

"घमेल्याला भोक पाडलंस?"

"पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून..."

"बरं केलंस. मला आता कशाला लागतंय ते."

त्यानं पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. सासूसुद्धा गप्प झाली, आणि ती बाई गप्प झाली म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं समजायचं.

अगतिक माणसाला कधी काय सुचेल, याचा नेम नाही. भिंतीलगत अर्धी गोणी सिमेंट उरलं होतं. भोक बुजवायचं, आत्ताच्या आत्ता, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिनं एका फरशीवर सिमेंट ओतलं, त्यावर पाणी घातलं, मग आठवण झाल्यावर रेती टाकली. जन्म गवंड्याच्या घरात काढला, पण माल कधी कालवला नव्हता. गोळे व्हायला लागले. डोळ्यांतलं पाणी नाकावरून त्या मालातच पडत होतं. थापी फरशीवर खरखरत राहिली.

"आधी कोरडं कालवतात," आतून आवाज आला. भिंतीकडूनच.

थापी थांबली. सासूनं हातानंच खूण केली, बोलू नकोस, चालू दे.

पुन्हा खरखर सुरू झाली, आधीपेक्षा जरा जोरात.

खाट पुन्हा करकरली. या वेळी बराच वेळ करकरत राहिली. मग आवाज खिडकीतून आला, धाप लागलेला आणि चिडलेला.

"पाणी फार झालंय. आता थेंबभरही घालू नकोस, सगळं वाहून जाईल."

तिनं मागे वळून पाहिलं नाही. कोपरानं डोळे पुसले, शेजारचा भरलेला तांब्या उचलला आणि सगळाच्या सगळा मालात ओतला.