कायमची जागा निघतेय म्हणे

लोककथांवर पीएचडी करूनही वहिनी वर्षानुवर्षं तासिकांवरच राबत होत्या. "कायमची जागा निघतेय म्हणे!" असं दिरापासून कॉलेजच्या शिपायापर्यंत जो तो सांगायचा; खोदून विचारलं तर प्रत्येकाने ते मित्राच्या मित्राकडून ऐकलेलं. शेवटी वैतागून वहिनींनी त्यावरच निबंध लिहिला: सांगणारे गावभर, जागा पाहिलेला एकही नाही, म्हणजे ही अस्सल दंतकथाच. परिषदेत निबंधाने टाळ्या घेतल्या.

दुसऱ्याच दिवशी एका विद्यापीठाच्या विभागप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या निबंधावर आम्ही बेहद्द खूश आहोत. आमच्याकडे कायमची जागा आहे. आज होकार द्या, उद्या रुजू व्हा."


"अगंबाई, गोष्टीचं हे रूप माझ्या संग्रहात नव्हतं!" वहिनींनी लगबगीने रेकॉर्डिंग सुरू केलं. "हं, आता सांगा, तुम्ही हे कुणाकडून ऐकलंत?"