डावा अंगठा

डाव्या घोट्यात नवा सांधा बसवून आठवडा झाला होता. डॉक्टर मिराशी म्हणाले, "काकू, उठा आता. तुम्ही काहीच करायचं नाही. पाऊल कसं टाकायचं ते सांध्याला ठाऊक आहे."

इंदुमतीबाई उठेनात. ते त्यांनाही ठाऊक होतं. गावात ज्याचा घोटा झिजला, तो याच सांध्यावर चालत होता, आणि ती चाल त्यांच्या लेकीची, वेणूची होती. सांधा बनवणाऱ्यांनी नमुना म्हणून तिचीच चाल मोजून घेतली होती. पुढच्या महिन्यात वेणू तापाने गेली. तेव्हापासून जिन्यावर कुणाचीही पावलं वाजली की बाईंचा जीव दाराशी धावायचा.

मोजणीच्या दिवशी वेणूच्या पायात नव्या चपला होत्या. "आई, डाव्या अंगठ्याला चावतेय गं. फोड आलाय."

"चल, नखरे नकोत. होईल सैल," असं म्हणून बाईंनीच तिला पिटाळलं होतं.

"डॉक्टर," बाईंनी आता विचारलं, "हा सांधा बसवलेल्या सगळ्यांचाच डावा पाय जरा चोरून पडतो ना?"

"तेच खरं नैसर्गिक चालणं, काकू. यंत्राने मोजलेलं आहे."

भिंत धरून त्या उभ्या राहिल्या. टाच टेकली, तळवा पसरला, आणि अंगठ्यावर भार येणार तेवढ्यात घोटा आपणहून बाहेरच्या बाजूला कलला. धडधाकट अंगठा त्याने जपून उचलला.

"दुखतंय का, काकू?"

"मला नाही हो," बाई म्हणाल्या आणि पायावरचा भार काढून खाली बसल्या. "तिला दुखतंय. अजून दुखतंय."