शेवटची धार

"फॅट तीन पॉइंट चार!" डेअरीची चिठ्ठी माझ्यापुढे टाकत नवरा म्हणाला. "दूधही कमी, फॅटही कमी. गुरुवारी ही गाय बाजारात विकायला उभी करतो."

चार वर्षांपूर्वी गुरांचे डॉक्टर हिच्या आईला जास्त लिटरवाल्या वळूच्या वीर्याची कांडी भरत होते. मीच हट्टाने जास्त फॅटच्या वळूची भरायला लावली. दूध थोडं कमी, पण दर चढा, असा माझा हिशेब. त्या कांडीपासून झालेली ही गाय आता पहिल्यांदा व्याली, आणि मी तोंडघशी पडले.

संध्याकाळी गोठ्यात गेले. सासूबाईंनी दूध काढलं आणि नेहमीच्या रीतीने शेवटची धार वासराला सोडली. वासराच्या तोंडाला साईसारखा दाट फेस आला. मी कपाळावर हात मारला. सगळं लोणी शेवटच्या धारेत, आणि आम्ही डेअरीला सुरुवातीचं पातळ दूध घालत होतो.

"आत्याबाई, उद्यापासून वासराला आधी पाजू," मी सासूबाईंना म्हटलं.

"त्याचा वाटा कमी करायचा नाही हं."

"वाटा तेवढाच. फक्त त्याची पंगत पहिली."

दुसऱ्या दिवशी फॅट चार पॉइंट आठ लागलं.

गुरुवारी नवरा बाजाराला एकटाच गेला. येताना दोन ओळखीचे शेतकरी घेऊन आला आणि गोठ्याच्या दारात छाती फुगवून त्यांना सांगू लागला, "वळू मीच निवडला होता."

सासूबाईंनी माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. मी चहा टाकला, शेवटच्या धारेचा.