निरोपाची सोय

नव्या स्टेशनात पैठण्यांचं दुकान होतं, मसाजच्या खुर्च्या होत्या. पोचवायला आलेल्यांना मात्र फलाटावर बंदी होती. त्यांच्याऐवजी तिकिटाबरोबर प्रकाशाचा माणूस मिळे.

"निरोपाला कोण देऊ, काकू?" तिकीट देणाऱ्या मुलीने विचारलं.

"कोणी नाही गं. हे दिवाळीतच गेले," प्रमिलाताई म्हणाल्या.

"असू दे. आमच्या जुन्या कॅमेऱ्यांत आहेत ते."

डब्याच्या खिडकीबाहेर दत्तोपंत हजर झाले. गळ्यात मफलर, चेहऱ्यावर नेहमीची घाई. त्यांच्यातून पलीकडचं चपलांचं दुकान दिसत होतं.

"पाणी घेतलंस? गॅस बंद केलास?"

प्रमिलाताईंना आठवलं. दूध तापत ठेवलं होतं! त्या उठल्या, तोच गाडी आवाज न करता हलली.

"बस गं, धडपडू नकोस. किल्ली दे, मी बघतो."

चाळीस वर्षांच्या सवयीने त्यांनी खिडकीतून किल्ली दत्तोपंतांच्या तळहातावर सोडली. मग भान आलं, आणि त्या कान देऊन ऐकू लागल्या.

फलाटाची नवी फरशी अशी, की टाचणी पडली तरी वाजावी. किल्ली वाजली नाही. दत्तोपंत पाठ फिरवून लगबगीने घराकडे निघाले होते.