बारावा फोटो

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कांताबाईनं नवऱ्याच्या पत्र्याच्या पेटीचं कुलूप वरवंट्यानं तोडलं. तारीख १९ मे १९७४. नवरा रामकिसन, अंबडचा फोटोग्राफर, लग्नाचे फोटो काढायला मंठ्याला गेला होता.

शेजारी थोरली जाऊ साळूबाई उभी होती. तिचा भाऊ शिवाजी एस.टी.त कंडक्टर. रामकिसन लग्नाहून परतताना मधेच, जिथं गाव ना वस्ती अशा ठिकाणी उतरतो, ही बातमी त्याचीच. घरी तो तीन तास उशिरा येतो, हे कांताबाईला माहीत होतं.

“चिठ्ठ्या असतील, न्हाईतर तिचा फोटो,” साळूबाई म्हणाली. “फोटोवालाच हाय. काढल्याबिगर ऱ्हाईल का?”

पेटीत फोटोच होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, तळहाताएवढे, एकेचाळीस.

कांताबाईनं पहिला उचलला. नांगरलेलं वावर. दुसरा, कोरडी नदी. तिसऱ्यात एक बाभूळ आणि तिची लांब सावली. पुढचे तिनं भराभर पाहिले.

“बाई कुठंय?” साळूबाईनं विचारलं.

“न्हाई.”

“नीट बघ. झाडामागं असंल.”

“आक्का, मानूसच न्हाई. एकात पन न्हाई.”

प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं. कांताबाई चौथी शिकलेली. तिनं बोट ठेवून वाचलं: ‘बद्रीनाथच्या मुलीचं लग्न. रोलमधले अकरा लग्नाला गेले. बारावा उरला, तो हा. सायंकाळी सहा पस्तीस.’ दुसऱ्यावर दुसरं लग्न, दुसरी वेळ. उरलेला बारावाच.

ती भिंतीला टेकून खाली बसली आणि हसू लागली. हसता हसता पदरानं डोळे पुसले.

“सवत हाय तुला,” साळूबाई म्हणाली. “पन ढेकळांची.”

मग कांताबाईनं फोटो पुन्हा हातात घेतले. या वेळी सावकाश. नांगरलेल्या वावरात प्रत्येक ढेकळाला स्वतःची सावली होती. नांगराच्या तासांच्या रेघा टेकडीपर्यंत गेल्या होत्या.

“ह्या बांधावरून मी कैक बारी माहेरी गेल्ते,” ती म्हणाली. “असं कधी दिसलं न्हाई.”

साळूबाईही खाली बसली. तिला नदी आवडली. कांताबाईला बाभूळ. त्यावरून दोघींचं थोडं वाजलं. शेवटी एकेचाळीस फोटो जमिनीवर मांडले गेले आणि आत जायला वाट उरली नाही.

“लपवले कशापायी?” कांताबाई म्हणाली.

“दावले असते तर तू काय म्हनली असती?”

कांताबाईनं विचार केला.

“रोल नासला, म्हनले असते.”

पाचच्या गाडीनं रामकिसन आला नाही. साडेसहाला साळूबाईनं दारातून विचारलं, “आले का भावजी?”

कांताबाई अंगणात पश्चिमेकडे तोंड करून उभी होती.

“येतील की. आत्ता कुठं उजेड बराबर पडलाय.”

सात वाजून वीस मिनिटांपर्यंत रामकिसन घरी पोचलेला नव्हता.